ताजं पाणी

"पाऊस हाय तवर लोक आपणच पाण्याला भितात, माझी खरी ड्युटी ऊन पडल्यावर सुरू होते," लडकू एकदा म्हणाला होता.

भिवंडीत पाणी सोडायचं काम तो करायचा. रस्त्यात चौकोनी खड्डा असतो, त्यावर लोखंडी झाकण. ते उचलायचं, खांद्याइतकी उंच चावी आत उतरवायची आणि वॉल फिरवायचा. मग त्या गल्लीला पाऊण तास पाणी. अशा सहा गल्ल्या त्याच्याकडे होत्या आणि वीस वर्षं होत आली होती. झाकण बाजूला सरकवल्याचा आवाज लूमच्या खडखडाटातूनही बायकांना ऐकू जायचा. बघता बघता दारादारांत हंडे-कळश्या मांडल्या जायच्या. तो उंच, हडकुळा आणि बोलायला कमी. शर्टाच्या खिशात काचेची एक नळी आणि औषधाची बाटली असायची. नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळसर झालं की त्यात क्लोरीन आहे असं समजायचं. ऑफिसने ती बाटली दिली होती, पण लडकूचा विश्वास स्वतःच्या जिभेवर होता. एक घोट घेऊन तो सांगायचा, हे आजचं, हे कालचं, हे आपलं नव्हेच.

लोकांच्या डोक्यात भिवंडी रस्त्यांनी बसलेली असते. लडकूच्या डोक्यात ती जमिनीखालून होती. लाईन कुठे गटाराच्या अंगाने जाते, कुठे गटाराच्या खालून, कुठला जोड लोकांनी चोरून फोडून पुन्हा चिंध्यांनी बांधलाय, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. तो सांगायचा की लाईनीत दाब आहे तोवर भीती नाही, फटीतून पाणी बाहेर जातं. वॉल बंद केला की लाईन रिकामी होते. मग बाहेर जे साचलंय ते फटीतून आत येऊन बसतं. आणि अशा रिकाम्या लाईनीला घरातून कोणी मोटर लावली तर ती काय ओढते, ते तो सांगायचा नाही. नुसता गटाराकडे बोट दाखवायचा.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात कामवारी नदी फुगून गल्ल्यांत शिरली होती. दोन दिवस लाईन बंद होती. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. लोक त्याच्याभोवती जमले. कुणी हात जोडले, कुणी आईवरून शिव्या दिल्या, आणि लडकूने वॉल फिरवला. पाच मिनिटं तांबूस पाणी आलं, मग काचेसारखं. लोकांनी त्याला चहा पाजला. पाच आठवडे काही झालं नाही. सहाव्या आठवड्यात त्या गल्लीत कावीळ फुटली. अकरा घरं. बाकीचे सगळे वाळून का होईना, उठले. उठली नाही ती लूमवर काम करणाऱ्या एका आझमगढच्या माणसाची बायको. तिला आठवा महिना होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लडकूला बाकावर बसवून सांगितलं की ही पाण्यातून येणारी कावीळ. पोटात गेली की महिना-सव्वा महिना गप्प बसते. इतरांना ती नुसती झोपवते, पण दिवस भरत आलेल्या बाईला घेऊन जाते. तिच्यावर औषध नाही. पाणी खळखळून उकळणं, एवढाच उपाय, आणि तोही आधी करायचा.

त्या बाईचा चेहरा लडकूने कधी पाहिला नव्हता. पडद्याआडून बाहेर येणारा एक हात आणि हातातली बादली, एवढीच ओळख. हातात हिरव्या बांगड्या असायच्या. त्यानंतर पुराचं पाणी ओसरून ऊन पडलं की त्याला जेवण जायचं नाही.

तो राहायचा ती चाळ नाल्याकडेला होती. चौदा खोल्या. चाळीला त्याने एक शिस्त लावली होती. आभाळ दाटून आलं की आधी पाणी भरून ठेवायचं, भांड्यांना धुतलेलं फडकं बांधायचं आणि ती माळ्यावर चढवायची, कारण पूर आधी जमिनीवरच्या भांड्यांत शिरतो. पाणी काढायचं ते लांब दांड्याच्या ओगराळ्याने. हंड्यात हात बुडवायचा नाही. प्यायचं पाणी उकळायचं, आणि तळाला बुडबुडे दिसले म्हणजे उकळलं असं नव्हे. पूर ओसरल्यावर त्याचं पाणी लागलेलं प्रत्येक भांडं ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायचं. लाईन पुन्हा सुरू झाली की पहिली बादली फरशीला. आणि लाईन धुऊन झाली असं लडकू स्वतः सांगेपर्यंत मोटर लावायची नाही.

लोक ऐकायचे, पण टिंगल करून. लडकूला लग्नात मुलगी नाही, पाणी दाखवलं होतं, असं म्हणायचे. शेजारचा एक लूमवाला त्याला म्हणाला, "हमारे मुलुक में तो सब नदी का पानी सीधा पीते हैं, लडकूभाई."

"इसीलिए मुलुक छोड के आया ना तू," लडकू म्हणाला.

एका गोष्टीवर मात्र चाळीने त्याचं कधीच मनापासून ऐकलं नाही. ती म्हणजे शिळं पाणी. रात्रीचं पाणी सकाळी शिळं. ते भांड्यांना, न्हाणीला, झाडांना, प्यायला नाही. सकाळी कळशी ओतून, घासून ताजं पाणी भरायचं, हे प्रत्येक बाईच्या हाताला आईने लावलेलं वळण. त्यात दोन-तीन दिवसांचं, उकळून ठेवलेलं पाणी म्हणजे मेलेलं पाणी. घरचे एकवेळ पितील. पण पाहुण्यापुढे, माहेरवाशिणीपुढे शिळ्या पाण्याचा तांब्या ठेवायचा म्हणजे तिची किंमत काय केली? खुद्द त्याची बायको द्रौपदी त्याची पाठ वळली की हळूच ओतून द्यायची. त्याने दोनदा पकडलं. तिसऱ्यांदा दोघं आठ दिवस बोलत नव्हती.

अशी ही माणसं, आणि त्यांत बकुळा.

बकुळा समोरच्या खोलीतली. गणेशपुरीकडच्या शेतकऱ्याच्या घरातली, नवरा केसरीनाथ सुताला कांजी लावणाऱ्या सायझिंगमध्ये कामाला. अठ्ठ्याहत्तर साली ती दोघं चाळीत राहायला आली, त्या दिवशीची गोष्ट. लडकूचं घर बौद्धांचं. चाळीतल्या काही जुन्या बायका द्रौपदीशी चांगलं बोलायच्या, हळदीचं बोट लावून घ्यायच्या, पण पाणी म्हटलं की त्यांना तहान नसायची. नव्या बाईला त्यांनी पहिल्या तासातच कोण कुठलं ते सांगून ठेवलं होतं. बकुळा सामान लावता लावता घामाने भिजली, तशी समोर आली, "वहिनी, घसा सुकला" म्हणाली आणि द्रौपदी उठायच्या आत माठावरचा पेला स्वतः बुडवून उभ्या उभ्या प्याली. सगळी चाळ बघत होती. दुसऱ्या पेल्यानंतर पदराने तोंड पुसून म्हणाली, "आमच्या गावच्या पाण्यापरीस गोड हाय."

लडकू तेव्हा दारात विडी ओढत बसला होता. त्याचं मूळ गाव दिघाशीच्या अलीकडचं. त्याची आई ठकुबाई विहिरीच्या पायरीपासून चार हात दूर मडकं ठेवून बसायची. कोणी यावं, वरून धार धरावी, म्हणून. कधी सकाळचं दुपार व्हायची. लडकू लहान होता, तिच्या मांडीला टेकून बसायचा. आई मागायची नाही. नुसती बसायची. पुढे पाण्याच्या नोकरीचा अर्ज आला तेव्हा त्याने दुसरी चांगली नोकरी सोडून तो भरला, असं द्रौपदी सांगते. तो स्वतः याबद्दल बोलायचा नाही. बकुळाने पेला खाली ठेवला तेव्हा मात्र तो उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. त्या दिवसापासून तिच्या हाका त्याला बहिणीच्या होत्या.

एकोणनव्वदच्या आषाढात त्याची मुलगी मैना माहेरी आली. पडघ्याला दिली होती. जावई दत्तू तिथे एका गोडाऊनवर कामाला. तिला सातवा महिना होता. लडकूचं म्हणणं, तिने तिथेच राहावं. पडघ्याला घर उंचावर आहे, विहीर आहे, शिंतोडे उडवणारं गटार नाही. द्रौपदीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी. जगाला ठावं हाय, तुम्हांलाच न्हाय." मैना एसटीतून उतरली तीच हसत. तिला चिंचा हव्या होत्या, भाजलेली माती हवी होती, आणि चाळीतल्या प्रत्येक घरी जाऊन बसायचं होतं. बापाने तिच्यासाठी वेगळा हंडा काढला. त्यातलं पाणी तो रोज पहाटे स्वतः उकळायचा, कामावर जाण्याआधी, आणि झाकणावर दगड ठेवायचा.

"बाबा, हंड्याला कुलूप पण लावा," मैना म्हणायची.

जुलैच्या शेवटी ते वादळ आलं. आधी एक रात्र नुसता वारा, चाळीच्या पत्र्यांना जागा सोडायला लावणारा. मग दोन दिवस पाऊस पडला नाही, ओतला. नाला आणि नदी यांच्यातली हद्द गेली. खोल्यांमध्ये गुडघाभर, मग मांडीभर पाणी. त्यात सायझिंगची कांजी, रंगाचे पिवळे-जांभळे पट्टे, संडासांमधलं सगळं, मेलेली घूस. वीज गेली, आणि लूम थांबले. ज्यांनी तो खडखडाट जन्मापासून ऐकला त्यांना ती शांतता पुरापेक्षा वाईट वाटली. लोक माळ्यांवर बसून राहिले. लडकूची शिस्त तेव्हा कामी आली. चौदाही खोल्यांत माळ्यावर फडकं बांधलेलं पाणी होतं, आणि ते पुरलं. कोणी टिंगल केली नाही.

लाईन बंद होती. ऑफिसने बंद केली नसती तरी लडकूने केली असती.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. भिंतींवर कमरेएवढ्या उंचीला चिखलाची सरळ रेघ राहिली, जणू कोणी दोरी लावून आखली आहे. लडकूने पावडरची अर्धी गोण मिळवली, घरोघरी वाटली, भांडी धुऊन घेतली. त्याने सगळ्यांना सांगितलं की लाईन धुवायला अजून दोन दिवस. तोवर माळ्यावरचंच प्या, तेही उकळून. लोकांनी माना डोलावल्या. रॉकेलचा दुकानदार अजून चिखल उपसत होता. उकळायचं कशावर, हे कोणी त्याला विचारलं नाही.

चौथ्या दिवशी ऊन पडलं.

सकाळीच वीज आली. एकेक लूम सुरू झाला आणि अकरापर्यंत गल्ली पुन्हा थरथरायला लागली. चिखलाला वाफा येत होत्या. गाद्या, घोंगड्या, वह्या, तांदूळ, सगळं उन्हात पसरलं होतं. बकुळाने त्या दिवशी मैनाला जेवायला बोलावलं होतं. सातव्या महिन्याची माहेरवाशीण, चाळीने तिला एकेक दिवस वाटून घेतलं होतं, आणि पुराने बकुळाचा दिवस दोनदा हुकवला होता. पूर गेला याचाही आनंद त्यात होता. तांदळाची भाकरी, सुक्या मासळीचं कालवण, आणि कुठूनतरी मिळवलेलं नारळाचं गोड. आणखी चार बायका बसल्या होत्या.

लडकू गल्लीच्या तोंडाशी खड्ड्यातला गाळ काढत होता. खड्डा पाण्याने भरलेला, वॉल त्या पाण्याखाली, बंद. त्याने हात खांद्यापर्यंत घालून तो दोनदा चाचपला होता. तेवढ्यात त्याला मोटर ऐकू आली.

शंभर लूम चालू असताना अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर ऐकू येत नाही. लडकूला आली. कोरडी ओढणारी मोटर वेगळी रडते, पाणी ओढणारी वेगळी. ही आधी रडली, मग तिचा आवाज जाड झाला. तिला पाणी लागलं होतं. वॉल बंद असताना.

तो उठला तसा आवाज बंद झाला. चिखलाचे हात तसेच घेऊन तो चाळीकडे गेला. एकेका दारात कान देत गेला. बकुळाच्या ओट्याखाली मोटर होती; केसरीनाथने सायझिंगच्या भंगारातून आणून दुरुस्त केलेली. तिच्या पाईपातून अजून थेंब गळत होते. त्याने बोट लावलं. मोटर गरम होती.

दार उघडं होतं. आत बायका बसलेल्या, मधे मैना पाटावर, केसात कुणी माळलेली अबोलीची वेणी. बकुळा वाकून तिच्या हातात तांब्या देत होती.

"घे गं बाय, ताजं पाणी हाय. चार दिवसांचं शिळं तुला कशी देऊ? सगळं ओतलं नि नवं भरलं."

मैनाने तांब्या घेतला. मग तिची नजर दारातल्या बापावर गेली. तिला हंड्यावरचा दगड आठवला असणार, कारण ती थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो काय म्हणतो यासाठी. बकुळानेही मान वर केली. चारही बायका दाराकडे बघायला लागल्या. त्यांतली एक द्रौपदीच्या घरी कधी तहान न लागणाऱ्या त्या जुन्या बायकांपैकी होती.

पिऊ नको, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण ते म्हणायचं होतं त्या घरात, त्या बाईच्या तोंडावर, की हिच्या हातचं पाणी पिऊ नको. त्याने लहानपणी ते दोन शब्द इतक्या वेळा ऐकले होते, इतक्या चांगल्या बोलणाऱ्या माणसांच्या तोंडून, की स्वतःच्या तोंडात त्यांची चव त्याला ओळखू आली. त्याने स्वतःला सांगितलं की मोटरने लाईनीत उरलेलंच पाणी ओढलं असेल. लाईन लांब आहे, उरतं थोडं.

"या दादा, घोटभर घ्या तुम्ही पण," बकुळा म्हणाली. "उन्हातून आलात."

मैना प्याली. मग बकुळाने लडकूपुढे पेला केला आणि तोही प्याला. पाणी थंड होतं, स्वच्छ होतं. क्लोरीनचा वास त्याला नव्हता. जिभेच्या मुळाशी किंचित गोडसर काहीतरी लागलं, सायझिंगच्या कांजीसारखं. वीस वर्षांची जीभ. तिने त्याला सांगायचं ते सांगून टाकलं. त्याने पेला पूर्ण संपवला, खाली ठेवला आणि जेवण छान झालंय असं काहीतरी पुटपुटून बाहेर पडला.

दुपारी तो पुन्हा बकुळाकडे आला. लाईन धुवायची आहे, भरलेलं सगळं ओतून टाक, मोटर काढून माळ्यावर टाक, एवढंच म्हणाला. का, ते सांगितलं नाही. तिने ओतलं. तोवर तिच्या घरातली आणि जेवायला आलेली सगळी पिऊन झाली होती.

तिथून पुढे लडकूने दिवस मोजायला घेतले. कोणाला बोलला नाही. द्रौपदीलाही नाही. बोलून आता पोटातलं पाणी बाहेर येणार नव्हतं, असं तो स्वतःशी म्हणायचा. पण खरं कारण ते नव्हतं, हेही त्याला कळत होतं.

पहिला आठवडा गेला. लाईन धुतली गेली, पाणी सुरू झालं, नळीतलं पाणी थेंब टाकल्यावर पिवळसर व्हायला लागलं. दुसरा आठवडा गेला. चाळीने भिंतींना चुना मारला आणि चिखलाची रेघ त्याखाली गेली. मैनाचं पोट पुढे आलं. ती बकुळाकडे टोपडी विणायला शिकत होती. श्रावण लागला, ऊन-पावसाचे दिवस आले, नाल्याच्या कडेला तेरडा फुलला. सगळं इतकं बरं चाललं होतं की लडकूची झोप गेली.

तो मैनाला रोज सकाळी उन्हात उभी करायचा. डोळे वर कर म्हणायचा, खालची पापणी ओढून पांढरा भाग बघायचा.

"बाबा, मी काय बाजारातली शेळी हाय?" ती हसायची.

"उभी ऱ्हा नीट," तो म्हणायचा.

द्रौपदीला वाटायचं, आजोबा व्हायच्या काळजीने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तिने तसं चाळभर सांगितलंही, आणि बायका हसल्या. एकदा मैनाने विचारलं की रोज बघताय ते काय बघताय. लडकूने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात पडघ्याहून दत्तू आला, पिशवीत पेरू घेऊन, आणि ते राहून गेलं. त्याला बरं वाटलं की राहून गेलं.

तेविसाव्या दिवशी केसरीनाथला ताप आला. सायझिंगच्या उष्णतेने, म्हणाले. सव्विसाव्या दिवशी त्याची लघवी चहासारखी झाली. लडकूने ते ऐकलं तेव्हा तो जेवत होता. त्याने हात धुतला. दोन दिवसांनी जेवायला आलेल्या बायकांतली एक आडवी झाली, मग बकुळा. मळमळ, तोंडाला कडू, अन्नाचा वास नको. डोळे हळदीचे. चाळीत लोक पुराला शिव्या द्यायला लागले, मग ऑफिसला. लडकूला कोणी काही म्हणालं नाही. उलट त्याच्या शिस्तीमुळे बाकीच्या खोल्या वाचल्या, असंच सगळे म्हणायचे.

त्याने द्रौपदीला सांगितलं की मैनाला आजच्या आज ठाण्याच्या दवाखान्यात दाखवू या. तिला काहीच झालेलं नव्हतं. द्रौपदी म्हणाली, धडधाकट पोरीला घेऊन दवाखान्याची पायरी कशाला चढायची, आणि समोर बकुळा पडलेली, तिच्या पोरांचं कोण बघेल? तरी तो घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, नववा लागला की या. लडकूने विचारलं, कावीळ पोटात असेल तर आधी कळतं का? डॉक्टर म्हणाले, तिला कुठे आहे कावीळ? परत येताना एसटीत मैना त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिचं अंग त्याला किंचित कढत लागलं. खिडकीतून ऊन येत होतं, त्यानेही लागलं असेल.

छत्तिसाव्या दिवशी सकाळी ती आपणहून दारात आली आणि डोळे वर केले. लडकूने पापणी ओढली.

त्याने तिला तशीच आत नेलं आणि द्रौपदीला म्हणाला, गाडी बघतो. द्रौपदीने पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं, पण धीर सोडला नाही; सगळ्यांनाच झालीय, सगळे उठतायत, म्हणाली. पडघ्याजवळ एक माणूस चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवतो, त्याच्याकडे आधी नेऊ, असंही म्हणाली. लडकूने ऐकलं नाही. रिक्षात मैना ओकली. ठाण्याला पोचेपर्यंत ती नीट बोलत होती. दुसऱ्या दिवशी कळा आल्या, दिवस भरायच्या आधीच. मूल मेलेलं निघालं. मुलगा होता. मग रक्त थांबेना. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बरळायला लागली, दत्तूला ओळखेना, आईला ओळखेना. दुपारी गेली.

तिला भिवंडीतच आणली. पडघ्याहून दत्तूचे लोक आले, दिघाशीकडचे आले. बुद्धवंदना झाली, सगळे परत गेले. लडकू चौथ्या दिवशी कामावर रुजू झाला. सहा गल्ल्यांना पाणी सोडलं, घरी आला, भिंतीला टेकून बसला. तो रडला नाही, यावर बायका हळू आवाजात बोलायच्या. द्रौपदी रडायची, आणि रडता रडता मैनाच्या हंड्याकडे बघून म्हणायची की एवढं जपलं, एवढं उकळलं, तरी कुठून आलं?

आठव्या दिवशी दुपारी बकुळा आली. पांघरूण अंगावर, भिंत धरत धरत. डोळे अजून पिवळे. ती उंबऱ्याशीच बसली. द्रौपदीने आत ये म्हटलं, तरी तिथेच बसली. दोघी काही वेळ रडल्या.

"वहिनी," बकुळा म्हणाली, "माझ्या घरी जेवली ती."

द्रौपदी म्हणाली की असं मनात आणू नको, तू स्वतः मरता मरता वाचलीस, तुला काय माहीत होतं.

"मला न्हवतं," बकुळा म्हणाली. "माळ्यावरचं पाणी चांगलं होतं. मी ते ओतलं, नि मोटर लावून नवं भरलं. पोरीला शिळं कसं देऊ, म्हणून. माझं चुकलं, मी बोलून घेईन. पण तांब्या मी तिला दिला, तवा दादा दारात उभे होते. तिने त्यांच्याकडं बघितलं. दादा पण प्याले त्यातलंच, नि दुपारी येऊन मला म्हणाले, सगळं ओतून टाक. आठ दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात न्हाय ते. दादांना ठावं होतं का, एवढंच इचारायला आले."

"काय बोलतीस, बकुळे," द्रौपदी म्हणाली. "त्यांना ठावं असतं तर गप ऱ्हायले असते का? पोटची पोर ती..." आणि तिने सहज, हे खरं करून घ्यायला, नवऱ्याकडे मान वळवली.

लडकू भिंतीशी बसला होता. तो दोघींकडेही बघत नव्हता. द्रौपदीचा हात पदरावर होता तो तसाच राहिला.

"अवो," ती म्हणाली. "तुम्हांला ठावं होतं?"

बाहेर पाळी सुटली होती. लूम एकामागून एक थांबत होते. लडकू उठला. खुंटीवरचा शर्ट त्याने घेतला नाही. बकुळाने पांघरूण आवरून पाय बाजूला घेतले, आणि तो तिच्या शेजारून उंबरा ओलांडून तसाच बाहेर पडला.